होडीची राईड

भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या निकेत भोईरला आठवणी काढायचा भारी नाद. म्हणजे किती, तर सकाळी दात घासताना सुद्धा त्याला लहानपणीचं दंतमंजन आठवायचं आणि ब्रश तसाच तोंडात राहायचा. वय चाळीस, नोकरी अंधेरीच्या एका विमा कंपनीत, आणि फावल्या वेळात 'आठवणीतलं भाईंदर' या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. मिठागरांचे, सुकत घातलेल्या बोंबलांचे जुने फोटो टाकायचे आणि खाली लिहायचं, 'गेले ते दिवस'. तेच बोंबील कुणी समोर आणून भाजले की हा पठ्ठ्या खिडक्या लावून घ्यायचा, तो भाग वेगळा.

त्याची आई शकूबाय जवळच्याच उत्तन कोळीवाड्याची. सगळी हयात मासळीच्या पाटीत गेलेली. पाच वर्षांपूर्वी एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या: नवरा बाबाजी गेला, दारातली होडी गेली, आणि लेकाचा इंद्रलोकात फ्लॅट झाला. शकूबाय आपलं गाठोडं घेऊन सातव्या मजल्यावर राहायला आली. इथे बाल्कनीत सुकट वाळत घालायची नाही, कारण बाजूचे अल्पेशभाई कांदासुद्धा खात नाहीत. आणि नातवंडांसमोर 'होरी', 'घोरा', 'सारी' असलं बोलायचं नाही, कारण मुलं ते शाळेत बोलतात आणि मग पोरं हसतात. निकेतने स्वतःच्या जिभेवरचा, 'ड'च्या जागी येणारा तो 'र' कॉलेजातच खरवडून काढला होता. होडी म्हणायचं, आई, होडी. शकूबाय मान डोलवायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा होरीच म्हणायची. जित्याची खोड, दुसरं काय.

आता या निकेतकडे आठवणी पुष्कळ, पण काळजातली एकच. तो सात वर्षांचा असताना खाडीकाठी 'मौजनगरी' नावाचं मोठं पार्क उघडलं, आणि बाबाजीने त्याला तिथे नेऊन होडीच्या राईडमध्ये बसवलं. होडी झोक्यासारखी वर जाते, पोटात खड्डा पडतो, तोंडावर पाणी उडतं, पलीकडे लाइट लावलेला भला मोठा आकाशपाळणा गरगर फिरतोय, आणि समोर बसलेला बाप हसतोय. बस्स, एवढंच. पण बाबाजी हा वर्षाचे आठ महिने समुद्रावर आणि उरलेले चार जाळ्यात मान घालून असणारा माणूस. पोराशी बोलायचा तो 'जेवलास?' एवढंच. तो आपल्यासोबत खेळला असा निकेतच्या गाठीला हा एकच दिवस होता. त्या दिवशीची पुठ्ठ्याची पिवळी टोपी, वर विदूषक छापलेली, त्याने फ्रेम करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली होती. येईल त्या पाहुण्याला टोपी दाखवायची आणि होडी ऐकवायची. अल्पेशभाईंना ती गोष्ट इतकी पाठ झाली होती की निकेत कुठे अडला तर ते पुढचं सांगायचे.

यंदा त्याची मुलगी ओवी सात वर्षांची झाली आणि निकेतच्या अंगात आलं. आपल्याला मिळालं ते पोरीला मिळालंच पाहिजे, त्याच वयात, त्याच होडीत. बायको दिशा म्हणाली की मे महिना आहे, धाकटा तनुष जेमतेम चार वर्षांचा आहे, जवळच्या सिल्व्हर पार्कच्या बागेत नेलं तरी मुलं तेवढीच खूश होतील. पण नवरा ऐकतोय थोडाच. त्याने पाच टीशर्ट छापून घेतले, 'बाबांची होडी, माझी होडी'. पाच पिवळ्या टोप्या करून घेतल्या. दिवसभराचं वेळापत्रक केलं, त्यात साडेअकरा ते बारा 'होडी (भावनिक)' असं लिहिलं. आणि शकूबायला बरोबर घेतलं, कारण ती त्या दिवशीची साक्षीदार. शकूबायने टीशर्ट लुगड्यावरून चढवला. लेक हौसेने काही करतोय तर करू दे, असा तिचा स्वभाव.

मौजनगरीत पाऊल टाकल्यापासून निकेतचं तोंड बंद नव्हतं. आमच्या वेळी इथे असं होतं, आमच्या वेळी तिथे तसं होतं. ओवीला फाटकातून आत येताना मुद्दाम तीन वेळा आत यायला लावलं, कारण पहिल्या दोन व्हिडिओंत तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तनुषला सगळ्यात काय आवडलं, तर बाथरूममधलं हात सुकवायचं मशीन. त्याच्याखाली तो वीस मिनिटं डोकं धरून उभा राहिला आणि बाहेर काढल्यावर त्याने जे भोकाड पसरलं त्यात टॉय ट्रेन गेली, उड्या मारायचं मिकी-घर गेलं आणि वेळापत्रकातला 'नाश्ता (हसत)' पण गेला. उन्हात टोप्यांचा रंग उतरून सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. दिशाने ते पाहिलं आणि हळद लागल्यासारखे दिसतोय म्हणाली. निकेत हसला नाही. आठवण बनवायचं काम चालू असताना हसण्यावारी नेलेलं त्याला खपत नव्हतं.

शेवटी एकदाची होडी आली. ही एवढी मोठी, पुढे ड्रॅगनचं तोंड, आणि खाली रांग. रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी. तनुष तिच्या चार बोटं खाली. निकेतने त्याचे केस वर उभे केले, टोपी चढवली, टाचा उचलायला सांगितल्या. रांगेवर देखरेखीला एक बाई होत्या, छातीवर बिल्ला, 'आयडा'. पन्नाशीच्या पुढच्या, बोलण्यावरून उत्तनच्याच. त्यांनी टोपी काढली, केस बसवले आणि पोराला शांतपणे बाजूला केलं. मग निकेतने आपलं अस्त्र बाहेर काढलं. मॅडम, मी सात वर्षांचा असताना याच होडीत बसलोय, माझ्या वडलांसोबत, पार्क उघडलं त्याच आठवड्यात, आमचं तीन पिढ्यांचं नातं आहे या राईडशी.

आयडाबाईंनी त्याच्या टीशर्टकडे पाहिलं, मग टोपीकडे.

"पार्क उघडलं त्या दिवसापासून मी हितं कामाला हाय," त्या म्हणाल्या. "ही होडी आणून बसवली त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या आदी हितं नुसतं गवत होतं."

निकेतने त्यांना समजावलं. मग जुनी होडी दुसरीकडे असेल, नंतर काढून टाकली असेल, पाणी उडायचं तिच्यात, आठवून बघा. आयडाबाईंनी खरंच आठवून बघितलं. पाणी उडणारी होडी या पार्कात कधीच नव्हती. मागच्या लोकांनी आवाज करायला सुरुवात केली तसा निकेत रांगेतून बाहेर आला, पण त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याला एकदम भीती वाटली. होडी नव्हती, तर मग तो बाप तरी होता का, हसणारा? की आपणच बसल्या बसल्या रचलं सगळं, ग्रुपवर टाकायच्या मजकुरासारखं? हॉलमधली फ्रेम, चाळीस पाहुणे, अल्पेशभाई, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. पण खरं दुःख फ्रेमचं नव्हतं. एकच दिवस होता गाठीला, तोही गेला असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू यायला लागलं.

शकूबाय झाडाखालच्या बाकावर बसली होती, तनुषला मांडीवर घेऊन. निकेत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आई, तूच सांगायचीस ना, पार्क बघायला गेलो तेव्हा होडीत बसलास म्हणून? मग कुठाय ती होडी?

"मी होरी म्हनलं," शकूबाय म्हणाली. "आपली होरी. पार्कातली राईट कवा म्हनलं मी?"

आणि मग तिने सगळं सांगितलं, आणि बंदी असलेल्या भाषेतच सांगितलं, कारण हे दुसऱ्या भाषेत तिला सांगताच आलं नसतं. पार्क उघडलं तेव्हा उत्तनची सगळी पोरं तिथे जायचं म्हणून हटून बसली होती. बाबाजी कधी नव्हे तो धुतलेला शर्ट घालून निघाला, बायको-पोराला घेऊन, आपल्याच होडीतून, खाडीने. धक्क्यावर पार्कवाले फुकटच्या टोप्या वाटत होते, ती पोराला मिळाली. फाटकापर्यंत गेले. तिथे बूट घातलेली माणसं, गाड्या, रांग, इंग्रजीत लिहिलेले फलक. रांगेतल्या कुणीतरी बाबाजीच्या अंगाला वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावला. बाबाजी तसाच मागे फिरला. पोरगं रडून रडून काळंनिळं झालं. मग त्याने होडी खाडीच्या तोंडाशी नेली, जिथे भरतीचं पाणी उसळतं, आणि जी होडी हलू नये म्हणून जन्मभर जपली ती मुद्दाम आडवी घालून हलवली. समोर पार्कचा पाळणा दिसत होता, दिवे लागले होते. पोरगं हसेपर्यंत हलवली. तासभर. घरी येऊन बाबाजीने दुखऱ्या खांद्याला तेल लावून घेतलं आणि बायकोला बजावलं, वासाचं पोराला सांगायचं नाही.

"तुला बरा वाटला, मंग मी कशाला सांगू?" शकूबाय म्हणाली. "तू समद्यांना पार्काची गोष्ट सांगायचास. मना वाटला, मानसाला शोभंल ती सांगतोय."

निकेत बाकावर तिच्या शेजारी बसला. बाप होता. हसलाही होता. एवढं कळल्यावर त्याला हायसं वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं. नाकाला रुमाल. इंद्रलोकातल्या बंद खिडक्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं लोक म्हणतात, पण याने तर वळसा घालायला निघण्याआधी कळसाच मोडीत काढला होता. बाप गेल्यावर फ्लॅटचं बुकिंग करायचं होतं आणि वसईचा एकजण होडी घ्यायला तयार होता. शकूबायने तेव्हा त्याला अडवलं नव्हतं. होडी नेली त्या दिवशी ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली होती, तेवढंच. आता ती तनुषच्या कपाळावरचा पिवळा रंग पदराने पुसत राहिली.

ओवीने मात्र सगळं कान देऊन ऐकलं होतं. सकाळपासून व्हिडिओत जे आश्चर्य काही केल्या उमटत नव्हतं, ते आता तिच्या तोंडावर पसरलं होतं, आणि निकेतचा फोन खिशात होता.

"म्हणजे आजोबांची स्वतःची राईड होती?" तिने विचारलं.

हो, म्हणाला निकेत.

"मला तीच पाहिजे. ही ड्रॅगनवाली नको. आपण तिकडे जाऊया."

ती आता बंद झाली, निकेतने सांगितलं. दिशाने बॅगेतून पाण्याची बाटली काढली आणि उगाच झाकण घट्ट करत बसली. ओवी ऐकणारी पोर नव्हती.

"कोणी बंद केली?"

निकेतने आईकडे पाहिलं. शकूबाय समोरच्या झाडाकडे बघत होती. सांगायचं की नाही ते तिने त्याच्यावरच सोडलं होतं.

"मी," निकेत म्हणाला. "मीच विकली ती होरी."