क्लेमच्या फॉर्मातली शेळी

माझ्या हातून आजवर एकच शेळी मेली आहे, आणि ती कधी जन्मालाच आली नव्हती.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहते कासाला, फिरते तलासरीकडच्या पाड्यांवर. पूर्वी जीपने जायचे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली, तरी ड्रायव्हरच्या मते ती भरलेली नसते. एकदा माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसून उधव्यापर्यंत आली आणि उतरताना तिचा मालक मलाच म्हणाला, "नीट धरायची ना." त्या दिवशी ठरवलं, स्वतःची स्कूटर घ्यायची.

आमच्या ह्यांना ते फारसं पसंत नव्हतं. हे प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत, त्यामुळे घरातसुद्धा सूचनाफलकासारखं बोलतात. "मीना, घ्यायची तर घे. पण चालवताना बोलायचं नाही. बोलताना तुला समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय आहे."

"स्कूटरवर मी कुणाशी बोलणार आहे?"

"आईशी," हे म्हणाले, आणि तीच सूचना त्यांनी माझ्या सासूबाईंनाही दिली. "आई, मागे बसलीस की तोंड बंद."

सासूबाईंनी मान हलवली. (त्या न बोलता मान हलवतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. ह्यांना पन्नाशी आली तरी कळलेलं नाही.)

अकरा महिने स्कूटरवर ओरखडा उठला नाही. मी ते दर रविवारी ह्यांना ऐकवायचे. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी मी आणि सासूबाई चिंचणीला निघालो. माझी नणंद वंदना तिथे राहते. तिने नवं स्वयंपाकघर बांधलं होतं, म्हणून तिला द्यायला मी मिक्सर घेतला होता. त्याचा खोका सासूबाईंनी आपल्या आणि माझ्या पाठीच्या मध्ये धरला होता. त्यांना मिक्सर मंजूर नव्हता. त्यांना हंडा द्यायचा होता, तांब्याचा.

चारोटी ओलांडेपर्यंत आम्ही दोघींनी ह्यांची सूचना पाळली. त्यानंतर मागून आवाज आला, "मिक्सर बिघडतो. हंडा बिघडतो का?"

मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "हंड्यात चटणी वाटता येत नाही, आई."

"तिच्याकडे पाटा आहे."

"पाट्यावर वाटून तिची कंबर धरते."

"माझी नाही धरली कधी."

हे असं वाणगावपर्यंत चाललं. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा आणि वरच्या पट्टीत बोलावं लागत होतं. वाणगावनंतर सासूबाई गप्प झाल्या. मला वाटलं, जिंकले. खरं तर त्या हत्यार शोधत होत्या. समुद्राचा वारा लागायला लागला, चिंचणीची घरं दिसायला लागली, आणि त्यांना ते सापडलं.

"तुझ्या आईने तरी लग्नात तुला काय दिलं होतं?"

आता मी शांत स्वभावाची आहे. पण माहेरचा विषय निघाला की मी नुसत्या तोंडाने उत्तर देत नाही, सगळ्या अंगाने देते. मी वळले. पूर्ण मागे वळले आणि सासूबाईंच्या हेल्मेटमध्ये बघत म्हटलं, "ते आई, आता मी तुम्हाला सांगतेच..."

सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या खांद्यावरून पुढे बघत होत्या.

"बोंबील," त्या म्हणाल्या.

माझ्या आईने मला लग्नात बोंबील दिले, असं त्यांना म्हणायचं आहे, असा माझा समज झाला. त्याला काय उत्तर द्यावं याचा विचार करत असतानाच आम्ही बोंबलांत शिरलो.

चिंचणीला रस्त्याच्या कडेला, वाळूत, बांबू रोवून त्यांवर दोऱ्या बांधतात आणि त्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. दुरून पाहिलं तर तोरणं लावल्यासारखं सुरेख दिसतं. जवळून पाहायचा योग मला त्या दिवशी आला. स्कूटर दोन बांबू आणि चार दोऱ्या घेऊन पलीकडे गेली. मी वाळूत पालथी. माझ्या गळ्यात बोंबलांची माळ. सासूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसल्यासारख्या पडल्या होत्या आणि मिक्सरचा खोका त्यांच्या छातीशी होता. त्यांना आणि मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं. माझं कोपर सोललं होतं. स्कूटरचा पुढचा भाग फुटून दिवा लोंबत होता आणि हँडल वाकडं झालं होतं.

बोंबलांची मालकीण धावत आली. हिराबाई तिचं नाव. अंगाने दणकट, पदर कमरेला खोचलेला.

"लागलं का गं बायांनो?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग उठा, आणि हे सगळं पुन्हा टांगा."

आम्ही दोन तास बोंबील टांगले. सासूबाई डोंगराकडच्या शेतकरी घरातल्या. जन्मभर भाताची रोपं लावलेली, त्यामुळे त्यांचे हात भराभर चालत होते. माझे बोंबील एकमेकांचे जबडे सोडून पुन्हा पुन्हा खाली पडत होते. हिराबाई थोडा वेळ बघत राहिली आणि सासूबाईंना म्हणाली, "तुम्हाला जमतंय हो. हिला कुठून आणली?"

"तलासरीकडची आहे," सासूबाई म्हणाल्या. जणू त्यातच सगळं आलं.

वाळू लागलेले बोंबील मी विकत घेतले. वंदनाकडे मिक्सर पोचवला, जेवलो, आणि स्कूटर टेम्पोत घालून कासाला निघालो. टेम्पोत पुढे बसल्यावर आमच्या दोघींच्याही मनात एकच प्रश्न होता. ह्यांना काय सांगायचं?

मला अकरा महिन्यांचा माझा रुबाब सांभाळायचा होता. सासूबाईंना 'तोंड बंद' ही सूचना पाळल्याचं दाखवायचं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण आम्ही दोघी एका बाजूला आहोत असं तोवर कधी झालं नव्हतं.

"कुत्रं आडवं आलं म्हणू," मी म्हटलं.

"कुत्र्यावर त्याचा विश्वास नाही बसायचा. शेळी म्हण."

"शेळी का?"

"शेळी गरीब असते."

ह्यांनी विश्वास ठेवला. एवढंच नाही, तर माझ्या कोपराला हळद लावत म्हणाले, "शेळ्यांचा काही नेम नसतो. तू ब्रेक मारलास हेच खूप झालं." मला इतकं ओशाळं वाटलं की मी त्या दिवशी त्यांना दोनदा चहा दिला. पण खरं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विम्याचा फॉर्म त्यांनीच भरला, आपल्या वळणदार अक्षरात. 'अपघाताचे कारण : अचानक आडवी आलेली शेळी.' मी खाली सही केली. स्कूटर नसल्यामुळे मी पुन्हा जीपमध्ये होते, पाड्यांवर पोचेपर्यंत अंगणवाडीतली मुलं खिचडी खाऊन घरी गेलेली असायची, त्यामुळे क्लेम लवकर मिळणं मला फार गरजेचं होतं.

चार दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. चारोटी नाक्याजवळ जयेशभाईंचं गॅरेज आहे, तिथे स्कूटर ठेवली होती. आम्ही तिघंही गेलो. सर्व्हेअर तरुण होता, नम्र होता, आणि दुर्दैवाने कामसू होता. त्याने फोटो काढले, फॉर्म वाचला आणि सहज विचारलं, "शेळी कुठल्या बाजूने आली, मॅडम?"

"डावीकडून," मी म्हटलं.

"उजवीकडून," सासूबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

त्याने वर पाहिलं.

"दोन होत्या," मी म्हटलं.

"फॉर्मात एकच आहे."

"एक आडवी आली. दुसरी तिच्या मागे निघाली होती."

"रंग?"

"पांढरी," मी म्हटलं. "काळी," सासूबाई म्हणाल्या. आता दोन शेळ्या असल्यामुळे हे खपून गेलं आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही. सर्व्हेअरने शेवटचा म्हणून एक प्रश्न विचारला, "शेळ्यांना काही लागलं का?"

मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंना वाटलं की आपल्या गोष्टीला जरा वजन यायला हवं. त्यांनी पदर डोळ्याला लावला. "एक मेली बिचारी. काळी होती ती."

सर्व्हेअरचं पेन थांबलं. "मेली? मग पोलिसात नोंद लागेल. पंचनामा लागेल. शेळीच्या मालकाचा जबाब लागेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मीना, एका गरिबाचं जनावर मेलं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला आत्ताच कळलं," मी म्हटलं. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मी उद्या चिंचणीला जातो. त्या माणसाला शोधतो. त्याची माफी मागायला हवी, भरपाई द्यायला हवी." आणि ते तिथल्या तिथे बहिणीला फोन लावायला लागले. मी त्यांचा हात धरणार होते, पण तेवढ्यात जयेशभाईंनी स्कूटरच्या फुटलेल्या दिव्यामागे दोन बोटं घातली आणि काहीतरी ओढून बाहेर काढलं. ते बोंबील होते. दोन, जबड्यात जबडा, चार दिवसांत कडक वाळलेले.

जयेशभाईंनी ते उजेडात धरले आणि मला अगदी आदराने, गुजरातीत विचारलं, "बेन, आ बकरी छे?"

जयेशभाईंनी पुन्हा बोटं घातली आणि आणखी एक काढला. तोवर फोन लागला होता. फोनचा स्पीकर चालू होता, कारण हे नेहमीच तो चालू ठेवतात.

"वंदना, तिकडे कुणाची शेळी मेली का गं?"

"कसली शेळी, दादा? वहिनी हिराबाईच्या बोंबलांत घुसली ना. दोघी मिक्सरवरून भांडत आल्या, हिराबाईला रस्त्यावरून ऐकू येत होतं. वहिनी मागे वळून आईशी बोलत होती. तुला सांगितलं नाही का त्यांनी?"

वंदनालाही आपल्या कटात घ्यायला हवं, हे टेम्पोत आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.

ह्यांनी फोन ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते गॅरेजच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "त्या शेळीच्या मालकासमोर काय बोलायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई खाली बघून पदराचं टोक पिळत होत्या. पहिल्यांदा त्याच बोलल्या. "अरे, तिची चूक नाही. मी तिच्या आईचं काढलं."

"नाही, मी वळले," मी म्हटलं.

"मी बोलले म्हणून वळलीस."

"पण वळले मीच ना."

"तुम्ही आता पुन्हा भांडताय," हे म्हणाले.

मी सर्व्हेअरकडे पाहिलं. क्लेम तर गेलाच होता, वर काय काय होणार याचा अंदाज येत नव्हता. त्याने फॉर्मची घडी घातली. "मॅडम, गाडी बोंबलांवर आदळली तरी विमा चालतो. शेळीवरही चालतो. न झालेल्या गोष्टीवर चालत नाही. हा फॉर्म अजून माझ्याच हातात आहे. तो परत घ्या आणि जे घडलं ते लिहा."

म्हणजे खरं सांगितलं असतं तरी क्लेम मिळतच होता. दोन शेळ्या, एक मृत्यू आणि पंचनामा, सगळं फुकट.

नवा फॉर्म मी माझ्या हाताने भरला. 'अपघाताचे कारण : गाडी चालवताना सासूबाईंना उत्तर देण्यासाठी मागे वळले.' सर्व्हेअरने वाचलं, ओठ घट्ट मिटले आणि विचारलं, "काय उत्तर दिलं?"

"द्यायचं राहिलं."

क्लेम मंजूर झाला. स्कूटर दुरुस्त होऊन आली. तिच्यामागे महिनाभर कासातली मांजरं यायची, पण ते सोडा. गोष्ट मात्र वंदनाकडून चिंचणीला, जयेशभाईंकडून चारोटीला आणि तिथून जीपमध्ये बसून तलासरीला आमच्या साहेबांपर्यंत पोचली. साहेबांनी मला बोलावलं आणि हसू आवरत म्हणाले, "या महिन्याच्या बैठकीत सेविकांना रस्ता सुरक्षेबद्दल तुम्हीच बोला. तुम्हाला अनुभव आहे."

मी बोलले. तक्ते लावून, हेल्मेट टेबलावर ठेवून, अर्धा तास बोलले. सगळ्या सेविका इतक्या लक्षपूर्वक ऐकत होत्या की मला भरून आलं. शेवटी विचारलं, काही शंका? उधव्याची एक सेविका उभी राहिली.

"मॅडम, सासू मागे बसलेली नसेल तर अपघात होत नाही का?"

"होतो की," मी म्हटलं. "फक्त मग फॉर्मात कारण म्हणून लिहायला कुणी सापडत नाही."

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.