हाय म्हंजी हाय

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं मी वडूजकडच्या एका गावात मास्तरकी करत होतो. शाळा सुटली की तिथलं वाचनालय उघडून बसायचो. खोली एक, कपाटं दोन आणि टेबलावर एक जाडजूड वही. वाचलेल्या पुस्तकाबद्दल ज्याला जे वाटेल ते त्यानं वहीत लिहावं, खाली नाव घालायची गरज नाही, हा नियम माझाच. नाव मागितलं तर गावातल्या बायका लिहिणार नाहीत, एवढी अक्कल मला होती. बिननावाच्या वहीत आणखी कोण हात धुऊन घेईल, हे मात्र सुचलं नाही.

बायकांपैकी लिहिलं एकीनंच. नवरा फौजेत, ही सासू-सासऱ्यांजवळ, चौथीपर्यंत शिकलेली. नवऱ्याची पत्रं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लाज वाटते, म्हणून वाचायची सवय मोडू दिली नाही, असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं. बाजारच्या दिवशी संध्याकाळी ती भाजीची पिशवी दाराशी टेकवून आत यायची, पुस्तक बदलायची आणि उभ्याउभ्याच वहीत पाच-सहा ओळी लिहून जायची. बोलायची तशीच लिहायची.

एका कादंबरीवर तिनं लिहिलं होतं, ‘यातली बाय लय रडती. एवढं रडाय आमाला सवड कुटं हाय. पत्तर येतं त्या दिवशी मातर चूल उशिरा पेटती.’

मी ते चार वेळा वाचलं. मराठी शिकवून पोट भरणारा माणूस मी, पण असं एक वाक्य मला जन्मात जमलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या ओळींखाली हिरव्या शाईच्या रेघा होत्या. ‘बाय नव्हे, बाई. पत्तर नव्हे, पत्र. हाय म्हणजे काय?’ आणि शेवटी, ‘ही वाचनालयाची वही आहे की पाणवठा?’ अक्षर मी लगेच ओळखलं. आमच्याच शाळेतले, मला वरिष्ठ असलेले शिक्षक. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि माझ्याबद्दल वर काय जायचं ते त्यांच्या हातात होतं. मी गप्प बसलो.

ती गप्प बसली नाही. तिनं त्यांच्या प्रश्नाला समोरच्या पानावर पेन्सिलीनं उत्तर लिहिलं, ‘हाय म्हंजी हाय. न्हाई न्हवं.’ मला इतकं हसू आलं की हातातलं पुस्तक खाली पडलं.

पण हिरव्या शाईला चटक लागली. तिच्या प्रत्येक पानावर रेघा पडू लागल्या. मग आणखी तिघे-चौघे नाव न घालता खाली टोमणे मारू लागले. त्यांना पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं, बाजाराच्या दिवशीचा तमाशा तेवढा हवा होता. जे मनापासून लिहायचे त्यांनी वही उघडणं सोडलं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हातारे डॉक्टर होते. ते म्हणाले, दुर्लक्ष करा, आपोआप थंड होतील. मी महिनाभर दुर्लक्ष केलं, कुणी थंड झालं नाही. मग मी वहीच्या पहिल्या पानावर सूचना चिकटवली, की टीका पुस्तकावर करावी, लिहिणाऱ्यावर करू नये. दुसऱ्या दिवशी त्या सूचनेतल्या दोन वेलांट्या हिरव्या शाईनं सुधारलेल्या होत्या. चुकल्याही होत्या, हे कबूल करायला हवं.

तिच्या सहा ओळींच्या तीन झाल्या. ती लिहायची थांबणार, हे मला दिसत होतं, आणि ती थांबली तर ती वही ठेवण्यात काही राम नव्हता. सरळ उपाय एकच होता. त्या माणसासमोर उभं राहून म्हणायचं, पुरे करा. ते माझ्याच्यानं झालं नाही. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

त्याऐवजी मी शहाणपणा केला. तिचं ते चुलीचं पान, हिरव्या रेघांसकट, वहीतून फाडलं आणि त्या जागी कोरं पान चिकटवून त्यावर माझ्या वळणदार अक्षरात शुद्ध करून उतरवलं. ‘यातली स्त्री फार रडते. इतके रडण्यास आम्हाला सवड कोठे आहे? पत्र येते त्या दिवशी मात्र स्वयंपाकास विलंब होतो.’ आता कुणाला बोट ठेवायला जागा नाही, म्हणून मी खूश होतो. फाडलेलं पान घरी नेऊन बंबात घातलं.

बाजारच्या दिवशी ती आली. आपलं पान शोधलं, ओळींखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. मग विचारलं, “मास्तर, हे कुणाचं हाय?”

“तुमचंच आहे, वहिनी.”

“माजं न्हाई,” ती म्हणाली. “माज्या घरात इलंब न्हाई होत. चूल पेटती.”

मी समजावू लागलो, की तुमच्याच भल्यासाठी केलं, आता कुणी हसणार नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

“आवं मास्तर, ते हिरवं खाली ल्हित हुतं. वरचं माजं ऱ्हात हुतं. तुमी तर मलाच फाडून टाकलं.”

तिनं पुस्तक घेतलं, पिशवी उचलली आणि गेली.

पुढल्या आठवड्यात ती पुस्तक परत करायला आली. या खेपेला ती खुर्चीवर बसली, आणि बराच वेळ लावून, प्रत्येक अक्षर जपून, तिनं दोन वाक्यं लिहिली. ‘पुस्तक वाचले. चांगले आहे.’ एकही चूक नव्हती. नवं पुस्तक तिनं मागितलं नाही आणि मलाही घ्या म्हणवलं नाही.

दोन दिवसांनी त्याखाली हिरव्या शाईत शेरा पडला, ‘उत्तम प्रगती.’

ती परत कधी आली नाही. वर्षअखेर मी कायम झालो, पुढं बदली होऊन सांगलीला आलो. ती वही कुणालाच नको होती, म्हणून बरोबर आणली. अजून कपाटात आहे. तिची बाकीची पानं आहेत, ‘हाय म्हंजी हाय’ आहे. चुलीचं पान तेवढं नाही. वर मी ते वाक्य दिलंय ते आठवणीतून, आणि त्याचीही खात्री देत नाही. तिनं ‘पेटती’ लिहिलं होतं की ‘पेटतीया’, हे आता मला आठवत नाही, आणि विचारायला ती कुठं आहे तेही ठाऊक नाही.