दोघांचा एक फोटो

धाकटा बारा दिवसांचा झाला त्या दिवशी मी माझ्या थोरल्या मुलीवर इतकी ओरडले, की समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दार उघडून बाहेर आल्या. कारण काय, तर एक फोटो.

मला खरं तर फोटोंची अजिबात हौस नाही. लग्नाच्या अल्बममध्येही निम्म्या फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत. पण हा फोटो मला हवाच होता. थोरली अजून तीन वर्षांचीही नव्हती, आणि मी दवाखान्यातून घरी आल्यापासून ती माझ्याजवळ फिरकत नव्हती. खोलीच्या दारात उभी राहायची, बघायची आणि आजीकडे पळून जायची. बाळाला बघायला आलेली प्रत्येक बाई मला सांगून गेली की तिला हेवा वाटतोय. एका चुलत सासूबाईंनी तर हसत हसत म्हटलं, आता ही तुझी राहिली नाही, आजीची झाली. त्या वाक्याने माझं डोकं पोखरलं. म्हणून मला तो फोटो हवा होता. तिच्या मांडीवर भाऊ आणि शेजारी मी. बघा, सगळं ठीक आहे, असं त्या बायकांना दाखवायला. त्याहून जास्त मला स्वतःलाच.

बारसं सासरी, मानपाड्याला होतं. नणंद सकाळीच माजिवड्याहून येऊन धडकली. मोबाइलवर बघून बघून तिने जय्यत तयारी केली होती. वेताची टोपली, लोकरीची टोपी, कापडाची सूर्यफुलं, पांढरीशुभ्र चादर. खोलीत मात्र उजेड नव्हता. खिडकी उघडली की एमआयडीसीतला तो उग्र वास आत येतो, शिवाय बाळाला वारा लागतो, असं सासूबाईंचं म्हणणं. नणंद खिडकी उघडायची, सासूबाई येऊन लावायच्या. चार वेळा हेच झालं. नवरा उजेड पाडायला थर्माकोलचा तुकडा धरून उभा होता, तोही चुकीच्या बाजूला.

धाकट्याला टोपलीत ठेवलं की तो रडायचा. पाजून शांत केला तर त्या नव्या टोपीवर ओकला. पुसलं, कपडे बदलले, थोपटून थोपटून एकदाचा झोपवला, तेवढ्यात सासूबाई काजळाची डबी घेऊन आल्या. तीट लावल्याशिवाय लेकराचा फोटो काढायचा नाही म्हणाल्या आणि गालाला बोट लावून त्यांनी त्याला उठवलं. माझे टाके ओढत होते, कंबर मोडून आली होती, आणि हॉलमध्ये पाहुणे जमायला लागले होते.

आणि थोरली. जाळीचा फ्रॉक घालून ती चादरीवर गुमान येऊन बसली, तेव्हा मला वाटलं, चला, जमलं. नणंदेने बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं. त्याबरोबर तिने दोन्ही हात ताठ वर केले. पोलिसाने पकडल्यासारखे. बाळ घसरायला लागलं, मी झडप घालून धरलं. परत ठेवलं, परत हात वर. नणंदेने चॉकलेट दाखवलं, नवऱ्याने बागेत न्यायचं कबूल केलं. ती मान हलवून हो म्हणाली. बाळ मांडीवर आलं आणि हात वर.

तिसऱ्या वेळी माझा तोल सुटला. "धर ना त्याला! तुझा भाऊ आहे तो! कसला एवढा राग आहे तुला?" मी ओरडले. धाकटा दचकून किंचाळायला लागला. थोरली रडली नाही. हात तसेच वर ठेवून तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आजीच्याच सुरात म्हणाली, "शिवाचा नाय."

नणंदेने मोबाइल खाली केला. सासूबाई डबी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दहा दिवस सोयर. आमच्या घरात अजून पाळतात. बाळंतिणीला आणि बाळाला कोणी शिवायचं नाही, म्हणून त्यांनी नातीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनाच कशाला दोष देऊ? त्याच दिवशी ती धावत माझ्या पलंगावर चढायला आली होती, तेव्हा पोटावर पाय पडेल या भीतीने मीच हात आडवा घातला आणि तेच म्हटलं. ऐकत नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं. अकराव्या दिवशी गोमूत्र शिंपडलं, सोयर फिटलं, सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. या पोरीला मात्र कोणीच सांगितलं नाही. आम्ही तिला हेवेखोर म्हणत होतो, आणि ती बिचारी शहाण्यासारखी सांगितलेलं ऐकत होती.

मला माझीच चीड आली. "आता चालतं गं," मी म्हटलं. "आता बाळाला हात लावायचा."

तिने सावकाश हात खाली घेतले. एका बोटाने बाळाच्या तळपायाला स्पर्श केला. नणंद घाईघाईने फोटो काढायला लागली, पण थोरलीचं लक्ष ना मोबाइलकडे होतं, ना बाळाकडे. ते बोट तसंच पुढे धरून तिने मला विचारलं, "आणि तुला?"