मावशींच्या ओळीवरची टिक

दोन अ‍ॅप जोडायची अक्कल माझी. गटातल्या सगळ्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, तेही लिहून ठेवते.

काचीगुड्यात आमच्या कामगार गटाची एक खोली आहे. वस्तीत फिरून कुणाची काय तक्रार ते मी फोनवरच्या नोट्समध्ये उतरवायचे. करायच्या कामांची यादी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये. ते ज्या-त्या दिवशी आठवण करून द्यायचं. एकच गोष्ट दोनदा टाइप करायचा कंटाळा. म्हणून जोडलं. नोट्समध्ये ओळीपुढे चौकोन काढला की ते काम यादीत जातं. चौकोनात टिक केली की दोन्हीकडे काम संपतं.

अंबरपेठेतल्या मावशी एका शाळेत झाडलोट करायच्या. मूळच्या नांदेडकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. नवा ठेकेदार आला, त्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. हरकतीचा अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. मी लिहिलं : मावशींचा अर्ज, सोमवार. पुढे चौकोन.

रविवारी बैठकीत सगळ्या तक्रारी मोठ्याने वाचतात. वहीच्या काळापासूनची माझी सवय, ओळ वाचली की तिच्यावर पेन टेकवायचं, म्हणजे तीच पुन्हा वाचली जात नाही. मी फोनवरून वाचत गेले, ओळीपुढच्या चौकोनावर बोट टेकवत गेले. सतरा ओळी वाचल्या, सतरा कामं संपली.

सोमवारी फोन गप्प. मला वाटलं, आज मोकळीक. बसून पत्रक लिहिलं, ‘प्रशासनाच्या बेपर्वाईचा जाहीर निषेध!’ चांगलं जमलं होतं.

अकराव्या दिवशी मावशींचाच फोन. “काय झालं गं पोरी, अर्जाचं?” फोनवर सांगता आलं असतं. बसने गेले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

“जयभीम मावशी. अर्ज गेला नाही. मुदत संपली.”

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. “सायबानं घेतला न्हाई?”

“मी दिलाच नाही.”

“मग त्या दिशी फोनात काय लिव्हत होतीस? सून म्हनली, लई हुशार पोरगी हाय, समदं फोनात घालती.”

मी दाखवलं. राखाडी ओळ, मधून रेघ.

“हे खोडलं कुनी?”

“मीच. वाचता वाचता. दोन अ‍ॅप जोडलेत ना, त्यामुळे...”

“ते नक्को सांगू. खोडलेलं परत काढता येतं का?”

मी टिक काढली. रेघ गेली. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ओळ परत उगवली, लाल अक्षरांत : अकरा दिवस उशीर.

“लाल का?”

“उशीर झाला म्हणून.”

“हौ. मग ऱ्हाऊ दे लाल.”

दुसऱ्या दिवशी दोघी कामगार कार्यालयात गेलो. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती. कारकुनाने अर्ज उलटून-पालटून पाहिला, मुदत गेलीय म्हणाला, तरी शिक्का मारला. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाला. परतताना मावशींनी पोचपावती ब्लाउजमध्ये ठेवली. माझ्याकडे दिली नाही.

निषेध करायला मला कुणी सापडत नाही. ते पत्रकही छापलं नाही.

अर्ज दिला, म्हणजे टिक करता आली असती. केली नाही. मावशी अजून घरीच आहेत. अ‍ॅप रोज विचारतं, नवी तारीख टाकू का. आज चोवीस दिवस उशीर.