चिकटलेले दोन कप

गल्लीतल्या वाचनालयाने ज्येष्ठांना बोलावलं होतं: घरातली एखादी वस्तू आणा आणि दहा मिनिटं तिची आठवण सांगा. निरोप्याने सूचना वाचली आणि त्याची छाती दोन इंच फुगली. नाटक कंपनीत त्याला सगळे निरोप्याच म्हणत. एकतीस वर्षांत त्याने रंगमंचावर पत्रं दिली, चहा दिला, पाहुणे आल्याची वर्दी दिली आणि लगेच विंगेत परतला. वाट्याला आलेल्या एवढ्याशा वाक्यातलेही दोन शब्द तो खायचा. आणि आता सलग दहा मिनिटं, एकट्याची!

वस्तू ठरली: पत्र्याचा ट्रे, त्यावर सरसाने पक्के चिकटलेले दोन कप.

"अहो, सांगणार काय?" बायकोने विचारलं. कंपनीत ती विंगेत वही घेऊन बसायची, अडलेल्या नटांना वाक्यं पुरवायची.

"नायिका गोंधळली आणि मी प्रयोग सावरला."

"तुम्ही?" हसता हसता तिला ठसकाच लागला.

आठ दिवस तालीम झाली. वाचनालयात निरोप्या ऐटीत उभा राहिला, ट्रे उंचावला. "रसिकहो!" म्हणाला आणि डोकं साफ कोरं. पाय सवयीने दाराकडे वळू लागले.

पहिल्या रांगेतून कुजबुज आली, "नायिकेने कप उचलला..."

"नायिकेने कप उचलला."

"...तर ट्रेही वर आला."

"ट्रेही वर आला! म्हणजे, माझे हात थरथरायचे ना, म्हणून कप मीच चिकटवले होते. तिला सांगायचं तेवढं राहिलं."

हशा पिकला. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "मग सावरलं कुणी?"

त्याने बायकोकडे पाहिलं. या वेळी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तालमीतलं उत्तर जिभेवर तयार होतं. त्याने तेही खाल्लं.

"विंगेतल्या मुलीने. तिने हळूच सांगितलं आणि मी मोठ्याने म्हणालो, 'बाईसाहेब, हे जोडपं आहे, एकटं नाही उठायचं!' टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या मीच खिशात घातल्या. पुढे त्या मुलीशी लग्न केलं, पण टाळ्या काही परत केल्या नाहीत."

चाळीस माना पहिल्या रांगेकडे वळल्या. बाईंनी तिला पुढे बोलावलं. असे किती प्रयोग तिने वाचवले होते! ती सांगू लागली आणि निरोप्याची उरलेली सात मिनिटं गेली. तो ट्रे धरून मधोमध उभा होता, लग्नाच्या फोटोतल्यासारखा हसत.

ती बोलता बोलता थांबली.

"अहो, सरका ना जरा. मी दिसत नाहीये त्यांना."