साहेबांच्या लेकीला कुणी रागवायचं?

मंत्र्याच्या घरात तक्रार करायची नसते, तिथे तक्रारीचा हुकूम होतो. पोरीला हे जन्मापासून ठाऊक होतं, तरी जीभ घसरलीच!

बापाशी भांडभांडून ती दूरच्या कॉलेजात आली होती. गाडी नको, बॉडीगार्ड नको, प्राचार्यांना फोन नको. हॉस्टेलात ती कोण, कुणाला पत्ता नव्हता. स्वतःचे कपडे धुवायची, नळावर नंबर लावायची आणि खुशीत असायची. एका संध्याकाळी परतायला उशीर झाला, तर रेक्टरबाईंनी सगळ्यांदेखत तिची बिनपाण्याने केली. "महाराणी, हे काय तुझ्या बापाचं घर आहे?" आजवर तिच्यावर आवाज चढवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिला इतकं अप्रूप वाटलं, की हसत हसत फोनवर आईला सांगून बसली. आई म्हणाली, "काय बाई तरी!" पण शेजारी साहेबांचे पीए बसलेले. त्या घरात शब्द खाली पडू द्यायची पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाई ट्रंक भरत होत्या. "कामावरून काढलं गं मला," त्या म्हणाल्या. "कुणाच्या डोळ्यांत खुपले, देव जाणे. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला घेऊन जाऊ कुठे?"

हे कुणाचं काम, ते पोरीला लगेच कळलं. गप्प बसावं तर बाई देशोधडीला लागणार. तोंड उघडावं तर इथलं सगळं संपणार. मेली ती जीभ! जिन्याखाली जाऊन तिने फोन लावला.

"बाबा, बाईंना परत घ्या. आत्ताच्या आत्ता."

"अरे वा, आली का बापाची आठवण?" बाबा खदखदून हसले. "काम झालं समज. शेवटी बापच लागतो ना?"

फोन भिंतीवर आपटावासा वाटत होता. "हो बाबा," ती म्हणाली.

दुपारी प्राचार्य स्वतः धावत आले. बाई राहिल्या, आणि पोर कुणाची ते अख्ख्या हॉस्टेलला कळलं. नळावरच्या मुली तिला बघून बाजूला सरकायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात ती मुद्दाम उशिरा आली. फाटक उघडंच होतं. बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "या ताई, जेवण झाकून ठेवलंय."

"बाई, मला उशीर झालाय. रागवा ना मला."

बाईंनी हात जोडले. "नको हो ताई. माझ्या पोटावर पुन्हा पाय देऊ नका."