फक्त तव्यापर्यंत

आमचे शेजारी पोर्टमामा हॉटेलात गेले की वेटरला काही सांगत नसत. आधी गल्ल्यावरच्या मालकापुढे उभे राहून हात जोडत आणि म्हणत, "दरख्वास्त हाय साहेब. आत जाऊ काय? फक्त तव्यापर्यंत." मालक बुचकळ्यात पडून मान हलवायचा. मग मामा थेट भटारखान्यात शिरून डोसेवाल्याला स्वतःच सांगायचे की डोसा कडक हवा आणि तेल कमी. प्लेट घेऊन बाहेर आले की पुन्हा गल्ल्यापाशी थांबायचे. "झालं माह्यं. इजाजत वापस." आदिलाबादच्या बसस्टँडसमोरच्या त्या हॉटेलात पुढे पुढे मामा दिसले की मालक आपणच म्हणायचा, "जाओ मामा, तवे तक."

मामांनी उभी हयात कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळले. निवृत्त झाल्यावर तिथला एक जुना कॉम्प्युटर, त्यांच्या भाषेत डबा, ते घरी घेऊन आले. त्याच्या पाठीला प्रिंटरची वायर खोचायचं रुंद, पिनांचं तोंड होतं, ज्याला पोर्ट म्हणतात. हल्लीच्या लॅपटॉपला ते नसतं, याचं मामांना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख होतं. त्या पोर्टच्या पिनांना तारा जोडून ते कधी दिवे लावत, कधी घंटी वाजवत, कधी पंखा फिरवत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तोंड दाखवत म्हणून नाव पडलं पोर्टमामा. खरं नाव मतदानाच्या चिठ्ठीवर असायचं.

मी कॉम्प्युटर शिकलेली, त्यामुळे ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे. "हे पाय," ते सुरू करायचे, "प्रोग्राम म्हणजे रयत. रयतेनं यंत्राले सरळ हात लावायचा नाई. सिस्टिमच्या पोटात तहसीलदार बसून राह्यते. त्याच्याकडे दरख्वास्त द्याची, का बा अमुक नंबरापासून पोर्टची तीन दारं पायजेत. तो हाव म्हणला का मंग मधात कोणी नाई. तू अन् पिना."

"मामा, आता असं कोणी करत नाही. मध्ये तयार सॉफ्टवेअर असतं."

"मधात कायले? तुले तहान लागली तर शेजारी पानी पेते काय?"

पण तीन दारं हवी असताना चौथं मागायचं नाही, हाही त्यांचाच दंडक. तहसीलदाराने सगळी दारं उघडून दिली तर कुणाचा हात कुठे पडेल सांगता येत नाही, असं ते म्हणत. काम झालं की इजाजत परत. आमच्या परसातल्या गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, झाडाबाबतही त्यांनी आईकडे रीतसर अर्ज केला होता. "ताई, मागच्या दारानं येऊ काय? फक्त सकाळी, फक्त गोडलिंबापर्यंत. फोडणीपुरता." आई म्हणाली, "या की, विचारता काय." तेव्हापासून रोज सकाळी मागच्या दाराची कडी वाजायची आणि मामा एक तुरा तोडून निघून जायचे. शेजारच्या मोगऱ्याकडे त्यांनी कधी बोटही नेलं नाही. तशी इजाजत नव्हती.

या सगळ्याला मामी पुरत्या विटल्या होत्या. घरात टेबल एकच, त्यावर डबा, आणि मामींचं शिलाई मशीन जमिनीवर. गुडघे दुखायला लागले तसं मामींनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "या गनपतीत तुमचं हे काहीतरी चाललं पायजे. नाई चाललं, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला." मामांनी अट मान्य केली. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मामींनीच आईला सांगितलं.

कॉलनीच्या गणपतीचे अध्यक्ष म्हणजे किराणा दुकानवाले तेलुगू गृहस्थ. त्यांना सगळे अन्ना म्हणत. मामांनी त्यांच्याकडे हलत्या देखाव्याचा प्रस्ताव ठेवला. थर्माकोलचा माणसाएवढा उंदीर, हातात लाडवांचं ताट. आरती सुरू झाली की उंदीर अर्धा फिरणार, गणपतीपुढे ताट धरणार, थांबणार, आणि आरती संपली की पुन्हा लोकांकडे तोंड करणार. पोटात बेल्लमपल्लीच्या भंगारातून आणलेली जीपच्या वायपरची मोटर, तिला बॅटरी, आणि मोटर चालू-बंद करायला आपला डबा. अन्नांना सगळं पसंत पडलं. एकच गोष्ट पटली नाही. मामांनी थर्माकोलचे लाडू केले होते. "देव के सामने झूठा लड्डू? नको मामा," असं म्हणून अन्नांनी खरे बुंदीचे आणले.

घरी तालीम झाली ती झकास. उंदीर वळला, थांबला, परत आला. मामी स्वयंपाकघरातून बघत होत्या.

पहिल्या दिवशी मंडपात तुडुंब गर्दी. उटनूरहून अन्नांचे व्याहीही आले होते. आरतीचा पहिला शब्द उठला आणि मामांनी बटण दाबलं. उंदीर वळला, गणपतीपुढे आला, आणि पुढेच गेला. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला वेग चढला आणि ताटातला पहिला लाडू सुटला तो अन्नांच्या छातीवर. दुसरा व्याह्यांच्या मांडीवर. पोरं ओंजळी पुढे करून धावली. आरती म्हणणारे आरती म्हणतच मान चुकवत होते, कारण आरती मध्येच तोडायची कशी?

झालं होतं ते मामांनी मला नंतर सांगितलं, खालच्या मानेने. तालमीत जी ओळ नव्हती ती त्यांनी त्याच सकाळी आंघोळ करून प्रोग्राममध्ये घातली होती. देवाचं काम, तेव्हा इजाजत वेळेवर परत गेली पाहिजे म्हणून. पण ती ओळ मोटर थांबवायच्या आधी पडली. प्रोग्रामने मोटर चालू केली, अदबीने इजाजत परत केली, आणि मग तो मोटर बंद करायला पिनेला हात लावायला गेला. तहसीलदाराने त्याला बिनपरवाना म्हणून जागीच उडवलं. पिनेला शेवटचा हुकूम 'चालू' असा होता आणि ती बिचारी तो पाळत राहिली.

बॅटरीची वायर ओढली असती तरी भागलं असतं. बॅटरी मंचाखाली होती. मामा मंचाच्या काठाशी वाकून उभे होते आणि अन्नांना विचारत होते, "अन्ना, खाली जाऊ काय? फक्त बॅटरीपर्यंत." अन्नांच्या तोंडावर नुकताच एक लाडू बसल्याने त्यांना बोलता येत नव्हतं. मामा हात जोडून थांबले.

शेवटी पदर खोचून मामी मंचाखाली शिरल्या. कुणाला काही विचारलं नाही. वायर ओढली. रिकामं ताट गणपतीपुढे धरून उंदीर नेमका थांबला आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, देखावा असाच असतो.

मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत बुंदी होती. मामा एवढंसं तोंड करून म्हणाले, "घेऊन जाऊ दे भंगारवाल्याले."

"काऊन?" मामी म्हणाल्या. "म्या म्हणलं होतं चाललं पायजे. चाललं. थांबलं पायजे असं कुठं म्हणलं होतं?" मग त्या हसायला लागल्या आणि मंचाच्या पायरीवरच बसल्या. मामींना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस लोक लांबून उंदीर बघायला यायचे आणि उंदीर शहाण्यासारखा अर्धाच फिरला तर हिरमुसून जायचे. डबा टेबलावर राहिला.

गेल्या वर्षी मामांच्या मुलाने दोघांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. फ्लॅट लहान, सामान मोजकंच न्यायचं. तो म्हणाला, "तो डबा तरी इथंच ठेवा." मामींनी आपलं शिलाई मशीन आमच्या आईच्या हवाली केलं आणि डबा गोधडीत बांधून म्हणाल्या, "हे माह्या मांडीवर येईन."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या दाराने. इस्त्रीचा सदरा घातला होता. आईपुढे उभे राहून त्यांनी हात जोडले. "ताई, मागच्या दाराची इजाजत वापस." आई चहा टाकते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

सकाळी गाडी दारात उभी होती. आणि मागच्या दाराची कडी वाजली. मी खिडकीतून पाहिलं, तर मामा गोडलिंबापाशी उभे, फांदीला हात घातलेला. आई परसात आली तसे ते दचकले आणि हात वरच राहिला.

"ताई, सवयीनं आलो. इजाजत नव्हती."

"तुमी केली वापस," आई म्हणाली. "म्या कुठं घेतली?"

मामांनी फांदी वाकवली. मग नेहमीएवढाच एक तुरा तोडून खिशात घातला आणि आल्या दाराने निघून गेले. जाताना कडी लावायची राहिली. आई अजून ती कुणाला लावू देत नाही.